बचाव पथकासाठी पहिली ‘स्कूबा’ टाकी घेताय? किमतीआधी टाकीच्या खांद्यावरची तारीख वाचा

यवतमाळ : पोळ्याला बैल धुवायला नेलेलं पोरगं, गणपती विसर्जनात पाय घसरलेला तरुण, नाहीतर मोटर बसवायला विहिरीत उतरलेला शेतकरी. दरवर्षी पावसाळा आला की अशा बातम्या जिल्ह्यातल्या कोणत्या ना कोणत्या तालुक्यातून येतातच. वर्धा, पैनगंगा, अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा एवढ्या नद्या. त्यावर धरणं, तलाव आणि गावोगावी विहिरी. कोणी बुडालं की पहिली हाक जाते ती गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना. गळ, दोर आणि स्वतःच्या छातीतला दम, एवढ्या सामानावर ही माणसं डोहात उतरतात.

सरकारी पथक येतं, पण त्याला वेळ लागतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला आहे. तिथून यवतमाळ दीडशे किलोमीटर आणि उमरखेड त्याच्याही पुढे शंभरेक. २२ जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक अडकले, तेव्हा हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं होतं. म्हणून ‘आपल्या गावाचं आपलंच पथक असावं’ हा विचार तरुण मंडळांत मूळ धरतो आहे आणि तो चांगलाच आहे.

अडचण पुढे येते. वर्गणी जमते, कोणीतरी मोबाईल उघडतो आणि हातभर लांबीच्या छोट्या टाकीचा व्हिडिओ दाखवतो. तोंडात नळी धरून माणूस आरामात पाण्याखाली फिरतो आहे. किंमत आवाक्यातली आणि सोबत हवा भरायचा हातपंप. ‘हेच घेऊ ना बे, मोठी टाकी कायले पाहिजे?’ असं कोणीतरी म्हणतं आणि ऑर्डर जाते. ती ऑर्डर देण्याआधी टाकी म्हणजे काय आणि ती कशी निवडायची, एवढं प्रत्येक पथकाने समजून घेतलंच पाहिजे.

टाकीत ऑक्सिजन नसतो

पहिला गैरसमज इथेच आहे. स्कूबाच्या टाकीत आपण आत्ता श्वासात घेतो तीच हवा असते. फक्त ती गाळून, कोरडी करून आणि दाबून भरलेली असते. दाब साधारण २०० बार, म्हणजे जवळपास ३,००० पीएसआय. कारच्या चाकात ३० ते ३५ पीएसआय हवा असते, यावरून अंदाज यावा. सीएनजीवर चालणाऱ्या ऑटोच्या टाकीतही सुमारे २०० बारच दाब असतो. म्हणून स्कूबाच्या टाकीला घरगुती गॅसच्या सिलिंडरसारखं समजून वागवता येत नाही.

कोरोनाच्या काळात आलेले ऑक्सिजन सिलिंडर अजून काही ठिकाणी पडून आहेत. काळं अंग आणि पांढरा खांदा ही त्यांची ओळख. ‘पाण्यात नेऊ, ऑक्सिजन तर हवेपेक्षा भारीच’ असा विचार कोणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटर म्हणजे वीस फुटांच्या खाली विषासारखा चढू शकतो. अचानक झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. दवाखान्याचा ऑक्सिजन सिलिंडर पाण्याखाली न्यायचाच नाही.

टाकी किती वेळ पुरते? हिशेब स्वतः करा

हा हिशेब चौथीच्या पोरालाही जमेल. टाकीत किती लिटर पाणी मावतं, त्या आकड्याला दाबाने गुणायचं. ११ लिटरची टाकी २०० बारला भरली तर आत सुमारे २,२०० लिटर हवा असते.

आता खर्च बघू. शांत पोहणारा माणूस मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. घाबरलेला, धापा टाकणारा किंवा चिखलात चाचपडणारा ४० लिटर आणि कधी त्याहूनही जास्त. शिवाय पाण्याखाली दाब वाढतो, तसा प्रत्येक श्वासाला हवा जास्त लागते. १० मीटर म्हणजे ३३ फुटांवर खर्च दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट.

वर यायला टाकीत किमान ५० बार हवा राखून ठेवायची असते. म्हणजे ११ लिटरच्या टाकीतून वापरायला मिळतात १५० बार, साधारण १,६५० लिटर. ३३ फुटांवर शांत माणसाला ती ४० मिनिटं पुरते. शोधकाम करणाऱ्या माणसाला मात्र वीसच मिनिटं.

हाच हिशेब आता त्या छोट्या टाकीला लावा. अर्धा लिटर गुणिले २०० म्हणजे १०० लिटर. ३३ फुटांवर धापा टाकणाऱ्या माणसाला मिनिटाला ८० लिटर लागतात. म्हणजे सव्वा मिनिटात टाकी ठणठणीत, आणि यात राखीव हवा धरलेलीच नाही. एक लिटरची घेतली तर अडीच मिनिटं. व्हिडिओतला माणूस उथळ, निवळ पाण्यात शांत पोहत असतो. आपल्याकडच्या पुराच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही. त्यात हातपंपाने भरलेल्या हवेत ओल राहते आणि ती नीट गाळलेली असेलच याची खात्री नसते. बचावाच्या कामाला ही टाकी चालत नाही.

अ‍ॅल्युमिनियम की लोखंडी?

दुकानात दोन प्रकार मिळतात. अ‍ॅल्युमिनियमची ११ लिटरची टाकी सगळ्यात जास्त चालते. रिकामी असताना तिचं वजन १४-१५ किलो भरतं आणि भरल्यावर हवेचेच अडीच किलोच्या वर वाढतात. म्हणजे भरलेल्या घरगुती गॅस सिलिंडरच्या निम्म्याहून थोडी जड. तिचा बूड सपाट असतो, त्यामुळे ती उभी राहते. आत लालसर गंज धरत नाही. खोड एकच : हवा संपत आली की ती पाण्यात हलकी होते आणि माणसाला वर ओढू लागते. म्हणून कमरेला शिशाची वजनं थोडी जास्त बांधावी लागतात.

दुसरी पोलादी, बोलीभाषेत लोखंडी. ती १० किंवा १२ लिटरची मिळते. रिकामी झाली तरी साधारणपणे बुडालेलीच राहते, त्यामुळे शिसं कमी लागतं. पण आत ओल शिरली की गंज चढतो. हा गंज नुसती टाकी खराब करून थांबत नाही, तो आतल्या हवेतला ऑक्सिजनही खातो. ओल असलेली लोखंडी टाकी कित्येक महिने भरून पडली असेल तर त्या हवेवर माणूस बेशुद्ध होऊ शकतो. तिचा बूड गोल असतो म्हणून खाली रबरी बूट घालतात. गंज नेमका त्या बुटाखाली लपतो.

मग पहिली कोणती घ्यावी? साधा नियम असा : प्रशिक्षण जिच्यावर झालं तीच. आपल्या देशात शिकवणीला बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचीच असते, त्यामुळे पहिल्या टाकीसाठी तीच सोयीची. माणूस किरकोळ अंगाचा असेल तर १० लिटरचीही चालेल. ‘मोठी घेतली की जास्त वेळ’ हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण १२ लिटरची, २३२ बारची टाकी घेतली आणि हवा भरणाऱ्याचा कॉम्प्रेसर २०० बारच्या पुढे जात नसला, तर जास्तीचे पैसे वाया आणि ओझं तेवढं पाठीवर.

खांद्यावरचे आकडे म्हणजे टाकीचा सातबारा

जमीन घेताना कोणी सातबारा बघितल्याशिवाय इसार देत नाही. टाकीचा सातबारा तिच्या मानेजवळ, खांद्यावर ठोकलेला असतो. बनवणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक, किती लिटर, रिकामं वजन, कामाचा दाब, चाचणीचा दाब आणि चाचणीची तारीख. हे आकडे धातूत ठोकलेले हवेत. नुसतं स्टिकर असेल तर ती टाकी घेऊ नये.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारीख. टाकीची हायड्रो टेस्ट होते. म्हणजे तिच्यात पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब देतात आणि ती किती फुगते, पुन्हा मूळ मापावर येते का, ते बघतात. शेवटच्या चाचणीला पाच वर्षं उलटली असतील तर नवी चाचणी झाल्याशिवाय तिच्यात हवा भरायची नाही. त्याशिवाय दरवर्षी व्हॉल्व्ह काढून, आत दिवा सोडून जाणकाराकडून तपासून घेण्याची पद्धत जगभर आहे.

आपल्या देशात दाबाच्या सिलिंडरांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं, मुख्यालय नागपूरलाच आहे. टाकी पेसोने मान्य केलेल्या प्रकारची आहे का, तिचे कागद सोबत आहेत का, हे विक्रेत्याला विचारावं. परदेशातून ऑनलाइन मागवलेल्या टाकीलाही परवानगी लागते. कागद नसलेली टाकी स्वस्त मिळते खरी, पण पुढे तिची चाचणी करायला आणि तिच्यात हवा भरायला जबाबदार माणूस तयार होत नाही.

जुनी टाकी घेताना

गोवा-मालवणकडे पर्यटकांसाठी वापरलेल्या टाक्या पुढे विकल्या जातात. जुनी म्हणजे वाईट असं नाही, पण ती खाऱ्या पाण्यात राहिलेली असते. म्हणून या गोष्टी बघाव्यात :

- रबरी बूट आणि जाळी काढायला लावावी. खाली खड्डे, फुगवटा किंवा खोल ओरखडे दिसले तर टाकी परत.
- नवाकोरा रंग दिसला तर शंका घ्यावी. रंगाखाली काय झाकलं ते कळत नाही. आगीत सापडलेली किंवा भट्टीत रंगवलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी कमकुवत झालेली असू शकते.
- १९९० च्या आधी बनलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नये. त्या काळी वापरलेल्या एका मिश्रधातूला मानेजवळ तडे जात असत.
- टाकी हलवून बघावी. आत काही खुळखुळलं किंवा पाणी डचमळलं तर ती उघडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

व्हॉल्व्हचे आटे जुळलेच पाहिजेत

टाकीच्या तोंडावरच्या व्हॉल्व्हला रेग्युलेटर जोडतात. जोडणीचे दोन प्रकार आहेत. ‘योक’मध्ये रेग्युलेटर वरून शिकंजासारखा कसला जातो. ‘डिन’मध्ये तो आट्यांत फिरवून बसवतात. आपल्याकडचा रेग्युलेटर ज्या प्रकारचा, तशीच टाकी घ्यावी.

याहून मोठा धोका व्हॉल्व्ह टाकीत बसतो त्या आट्यांचा. तिथे मिलिमीटरचे आटे असतात, नाहीतर पाऊण इंची. दोन्ही जवळपास सारखे दिसतात. मिलिमीटरचा व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यांच्या टाकीत ढिला का होईना, बसतो. हवा भरताना मात्र तो गोळीसारखा सुटतो आणि समोरच्याचा जीव जातो. पाइप फिटिंगमध्ये टेफ्लॉन टेप गुंडाळून आपण भागवतो, तसं इथे चालत नाही. व्हॉल्व्हला गावात हात लावायचाच नाही.

हवा कुठे भरणार, हे आधी ठरवा

टाकी घेतल्यावर पहिल्यांदा अडतं ते इथेच. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर ८-१० बारपर्यंतच जातो आणि त्याच्या हवेत तेलाचा अंश असतो. स्कूबाला श्वासाची हवा भरणारा खास, गाळणी असलेला कॉम्प्रेसर लागतो. त्याचं हवा ओढायचं तोंड गाडीच्या किंवा जनरेटरच्या धुरापासून दूर असावं लागतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. पाण्याखालच्या दाबात तो आणखी घातक ठरतो. म्हणून जवळची अग्निशमन सेवा किंवा डायव्हिंग केंद्र यांपैकी कोण हवा भरून देईल, ते आधी विचारून घ्यावं आणि मगच टाकीचे पैसे मोजावेत. भरलेल्या हवेला तेलकट किंवा कुबट वास आला तर ती श्वासात घ्यायची नाही.

उन्हाचंही ध्यानात ठेवावं लागतं. भरलेली टाकी १० अंश तापली की आतला दाब सहा-सात बारने वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ती ठेवायची नाही. सावलीत, हवेशीर जागी, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. पूर्ण रिकामीही करू नये. आत थोडा दाब राहिला की बाहेरची ओल आत शिरत नाही.

नुसती टाकी जीव वाचवत नाही

टाकीसोबत रेग्युलेटर, दाब दाखवणारा गेज, पाण्यात तरंग सांभाळणारं जॅकेट, शिसं, मास्क आणि वरच्या माणसाच्या हातातला दोर एवढं सगळं लागतं. आणि त्याआधी लागतं प्रशिक्षण. दाबाची हवा छातीत घेऊन श्वास रोखून वर आलं, तर हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. तेही फार खोलीवरून नाही, चार-पाच फुटांवरूनसुद्धा. पोहणारा कितीही पट्टीचा असो, दम धरायची त्याची आयुष्यभराची सवयच इथे त्याला मारू शकते. मालवणजवळ तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. राज्याचं दुसरं टोक असलं तरी गावातल्या दोघांना तिथे पाठवण्याचा खर्च टाकीच्या खर्चात आधीच धरावा. दोघांना, कारण एकट्याने पाण्याखाली उतरायचं नसतं. तिथला पहिला कोर्स झाला म्हणजे गढूळ डोहात शोध घेता येतो, असंही नाही. ते पुढचं, वेगळं शिक्षण आहे.

गॅस साचलेल्या विहिरीसाठीही ही टाकी नाही. तिथे तोंडातली नळी क्षणभर सुटली तरी एका-दोन श्वासांत माणूस कोसळतो. अग्निशमन दलाकडे पूर्ण चेहरा झाकणारा मास्क असलेलं वेगळं यंत्र असतं. विहिरीत उतरलेला माणूस पडला आणि त्याला काढायला मागोमाग उतरलेलेही पडले, अशा घटना महाराष्ट्रात वारंवार घडतात. पहिला पडला की दुसऱ्याने उतरू नये, वरून दोर टाकावा आणि मदत मागवावी.

शेवटचा हिशेब वेळेचा. बुडालेल्या माणसाच्या मेंदूला चार-पाच मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की इजा सुरू होते. टाकी पाठीवर चढवून, तपासून पाण्यात उतरायलाच त्याहून जास्त वेळ जातो. म्हणजे खेड्यापाड्यात टाकी बहुतेक वेळा मृतदेह शोधायच्या कामी येते. जिवंत माणसाला वाचवतो तो काठावर तयार असलेला दोर, हवा भरलेली ट्यूब, लाइफ जॅकेट आणि छातीवर दाब देऊन श्वास चालू करण्याचं शिक्षण. वर्गणीचे पहिले पैसे या सामानावर खर्च व्हावेत, टाकी नंतर. शोध घेण्याचं काम तासाभराने झालं तरी चालतं. घरच्यांचा आक्रोश ऐकून घाई करावीशी वाटते, हे खरं आहे. पण गेलेल्याला काढताना जिवंत माणूस जाऊ नये, एवढं पथकातल्या प्रत्येकाने मनाशी पक्कं करावं.

टाकी घेण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

१. पथकातल्या दोघांचं प्रशिक्षण झालं आहे का?
२. हवा कुठे भरणार, हे पक्कं झालं आहे का?
३. खांद्यावरची चाचणीची तारीख पाच वर्षांच्या आत आहे का?
४. पेसोच्या मान्यतेचे कागद आहेत का?
५. व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर जुळतात का?
६. दोर, ट्यूब आणि लाइफ जॅकेट आधी घेतले आहेत का?

एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर टाकीची ऑर्डर थांबवावी.

कोणी बुडाल्याचं कळताच ११२ वर फोन करावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. मदत यायला वेळ लागतो म्हणूनच फोन आधी करायचा आणि मग दोर हातात घ्यायचा.